दोन चंद्र

आमचा पुतण्या गेल्या दिवाळींत घरीं आला, तो दिव्यांकडे पाहीना. खोदून विचारतां त्यानें कबूल केलें : महाविद्यालयांत मित्रांच्या नादानें दोनदां एल्. एस्. डी. हें मादक द्रव्य घेतलें. त्यास दोन वर्षें लोटलीं. तरी हलत्या हातामागें त्याच हाताची रांग दिसते, दिव्यांभोंवतीं वलयें उठतात, कोऱ्या भिंतीवर बारीक ठिपके सळसळतात. "हें खरें नव्हे, एवढें कळतें मला, काका!"

आम्हीं शिक्षकी संवयीनें रज्जुसर्पाचा दृष्टांत ऐकविला : दोरी ओळखली कीं साप नाहींसा होतो. त्याचा साप जाईना. रात्रीं ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य उघडलें. चंद्र एक हें कळल्यावरहि दुसरा चंद्र संस्कारानें कांहीं काळ दिसत राहतो, असें आचार्यच तेथें सांगतात. आम्ही वरमलों.

मानसोपचारतज्ज्ञांनीं हें वेड नव्हे असें निक्षून सांगितलें. अमेरिकेंतील मनोविकारांच्या अधिकृत सूचींत १९८७ पासून याची नोंद आहे. हमखास औषध नाहीं. गांजासुद्धां वर्ज्य, झोंप पुरी, आणि ठिपके गेले कीं काय हें सारखें तपासूं नये, एवढें पथ्य.

आतां संध्याकाळीं आम्ही दोघे अंगणांत बसतों. चंद्र उगवतो. किती दिसतात, हें आम्ही विचारीत नाहीं.