बोटावरची शाई

मनुष्य अंगावरच्या डागाचाहि अलंकार करूं शकतो, याचें उत्तम उदाहरण म्हणजे मतदाराच्या डाव्या तर्जनीवरची काळी रेघ. वस्तुतः ही शाई अविश्वासांतून जन्मली. एकच गृहस्थ पुन्हां येऊन दुसऱ्याच्या नांवानें मत देईल, या भीतीपोटीं ती लावतात. १९६२ पासून ती म्हैसूरच्या कारखान्यांतून येते. तींतील सिल्व्हर नायट्रेट उजेडानें काळें पडतें आणि साबणाला दाद देत नाहीं. परंतु संशयाची ही खूण आम्ही सुशिक्षित मंडळी छायाचित्रें काढून मिरवितों! नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. त्याबरोबर रेघहि पुढें सरकते व एके दिवशीं कापली जाते. आमचा राजकारणांतील उत्साहहि साधारण तितकाच टिकतो. असो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचें बोट कोरें दिसलें. नागरिकाच्या कर्तव्यावर चार शब्द सांगावे (अध्यापकाची ही खोड जुनीच) म्हणून आम्ही विचारलें.

"नाव गावच्या यादीत आहे, सर. जायचं-यायचं भाडं, वर दोन दिवसांचे खाडे."

नांव येथें आणतां येतें हें खरें. पण राहत्या घराचा पुरावा मागतात, आणि घरमालक भाड्याची पावती देत नाहीं. ज्या शहराचीं भांडीं त्या घांसतात, तेथें त्यांना मत नाहीं; गांवीं मत आहे, तर तें देण्यास सवड नाहीं.

पुढच्या वेळीं गाडीभाडें आम्ही देऊं, असें आम्ही म्हटलें.

"आणि खाडे?" बाईंनीं विचारलें.