एका पोटवाक्यातील स्त्रिया

म्हैसूरहून मडिकेरीला जाणारा रस्ता हुणसूर मागे टाकून पिरियापट्टणात शिरतो, तेव्हा प्रवाशाने मुद्दाम उतरावे असे तेथे काही दिसत नाही. मी उतरले तो ऑगस्ट महिना होता. तंबाखूचा हंगाम असल्याने पाने वाळवण्याच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या, आणि पावसाने दाबलेला धूर गावावर रेंगाळत होता. मला किल्ला पाहायचा होता. किल्ला म्हणजे आता खचलेला तट, खंदकाची खूण आणि माजलेले रान.

चंगाळ्व राजांची ही राजधानी. म्हैसूरच्या कंठीरव नरसराज वडेयरांच्या सैन्याने ती १६४४ मध्ये जिंकली. बी. एल. राईस ह्यांनी शिलालेखांच्या आधारे म्हैसूर व कूर्गचा इतिहास लिहिला. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात ह्या प्रसंगाला एक वाक्य मिळाले आहे. राजधानीचे रक्षण करताना राजा पडला, हे त्यातील मुख्य विधान. बाजू हरली असे पाहून त्याने आधी आपल्या राण्यांना व मुलांना ठार केले, ही गोष्ट त्याच वाक्याच्या पोटात येते. राण्यांची नावे नाहीत, संख्या नाही. व्याकरणानेसुद्धा त्यांना स्वतंत्र क्रियापद दिलेले नाही.

इतिहास ह्या भूमीबद्दल अगदीच मुका आहे असे मात्र नव्हे. येथून थोड्याच अंतरावर, कोडगूच्या सीमेवर, ६ मार्च १७९९ रोजी टिपू सुलतानाची मुंबई इलाख्याच्या फौजेशी लढाई झाली. त्या फौजेत आपल्याकडचे शिपाई होते, आणि ‘सीडासीर’ हा रणसन्मान मराठा लाइट इन्फंट्रीच्या परंपरेत आजही नोंदलेला आहे. पुरुषांच्या मरणाला नाव देण्याची व्यवस्था असते, एवढेच म्हणायचे.

मी त्या वर्षी ग्रीक पुराणकथा स्त्रियांच्या बाजूने पुन्हा सांगणाऱ्या कादंबऱ्या वाचत होते. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात बारा दासींना फासावर चढवतात आणि काव्य पुढे निघून जाते. मार्गारेट ॲटवुडने २००५ मध्ये त्या बाराजणींचा कोरस करून त्यांना पेनेलोपीच्या कथेत सतत मध्ये बोलायला लावले. ‘इलियड’मधील ब्रिसेइस एकोणिसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी विलाप करते; पॅट बार्करने २०१८ मध्ये तिच्या तोंडून साऱ्या छावणीची हकिगत सांगितली. मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ त्याच वर्षीची. ती सुरेख वाचली जाते, पण आपल्या काळाशी ती फार लवकर सहमत होते असे मला वाटते. ह्या सर्वांहून मला जवळची वाटली ती क्रिस्टा वोल्फ. तिने १९८३ मध्ये ‘कॅसांड्रा’ लिहिली, आणि ही कथा आपण कशी लिहीत गेलो ह्याविषयीची आपली व्याख्यानेही प्रसिद्ध केली. जुने काय, आपले काय, हे वाचकाला पाहू दिले.

इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये १९६७ सालीच हे केले होते. महाभारताच्या संहितेशी भांडत, तिच्यातील प्रक्षेप बाजूला काढत त्या चालतात, आणि जेथे कल्पनेचा हात धरतात तेथे तसे सांगतात. आंधळ्या नवऱ्याकरिता डोळे बांधलेली गांधारी त्यांच्या लेखात जेव्हा पट्टी सोडते, तेव्हा ती आधी गांधारी असते आणि मग आपल्या विचाराची वाहक.

म्हैसूरला ग्रीक शोकान्तिका कानडीत आली तिची कथाही येथे आठवते. तेथील महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बी. एम. श्रीकंठय्या ह्यांनी १९२९ मध्ये सोफोक्लीसचे ‘अजॅक्स’ महाभारतात रुजवून ‘अश्वत्थामन्’ हे नाटक लिहिले. चिरंजीव अश्वत्थाम्याला त्यांनी मारले म्हणून गदारोळ झाला. मला मात्र लक्षणीय वाटते ती भार्गवी. महाभारतातल्या अश्वत्थाम्याच्या कथेत पत्नीला जागा नाही. ती ग्रीकांकडून आणावी लागली. तिचे मूळ म्हणजे टेकमेसा, अजॅक्सने जिंकून आणलेली बंदिनी. नवरा आत्मघात करणार हे दिसताच ती त्याला विनवते. तिच्या विनवणीत प्रेम आहे, परंतु त्याहून अधिक हिशेब आहे. माझा देश तूच उजाड केलास, आता तुझ्याखेरीज मला कोणी नाही. तू ज्या दिवशी मरशील त्या दिवशी मी आणि तुझा मुलगा दुसऱ्या कोणाचे दास होऊ. अजॅक्स तिचे ऐकत नाही, पण तिला जिवंत ठेवून जातो.

पिरियापट्टणच्या राजाने हा हिशेब ओळखला होता असे म्हणावे लागेल. टेकमेसाला जे भय होते ते त्याने स्वतःच्या तलवारीने निकालात काढले. तेव्हा त्याच्या राण्या काय म्हणाल्या?

त्या रात्री म्हैसूरला परतल्यावर मी थोरल्या राणीचे स्वगत मराठीत लिहिले. सहा पाने झाली. सकाळी वाचले तेव्हा संकोच वाटला. राणी ‘अस्तित्व’ म्हणत होती, ‘निवड’ म्हणत होती; मी जे वाचले होते ते तिनेही वाचले होते. भाषा सुधारता आली असती. खरी अडचण निराळी होती. मी तिला नकार द्यायला लावला होता, कारण त्या नकाराने मला बरे वाटत होते. तिने मान पुढे केली असेल, तलवार तिनेच मागितली असेल, ही शक्यता मी सहा पानांत कोठे येऊ दिली नव्हती. स्त्रीचा दृष्टिकोन म्हणून मी माझाच दृष्टिकोन तिच्या अंगावर घातला होता.

आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी सीतेची कथा शतकानुशतके आपल्या बाजूने सांगितली. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ ह्यांनी चालविलेल्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. त्यांतील सीता रामाविषयी सिद्धान्त मांडत बसत नाही. वनात बाळंतपण कोणी केले, अंथरायला काय होते, उशाला काय होते, ही तिची चौकशी. माझी आजी अशा ओव्या म्हणायची, आणि विद्यापीठात जाऊ लागल्यावर मला त्या भाबड्या वाटू लागल्या होत्या.

आठवड्याने मी पुन्हा पिरियापट्टणला गेले. स्वगत पिशवीत होते. जागेवर बसून दुरुस्त करावे असा विचार होता. पाऊस आला म्हणून भट्टीशेजारच्या छपराखाली शिरले. तेथे चारपाच बायका हिरवी पाने दोऱ्याने काठ्यांना बांधत होत्या. पानांच्या चिकाने त्यांची बोटे काळी झाली होती. एकीने बसायला पोते सरकवले, कोठून आलात म्हणून विचारले. माझ्या मोडक्या कानडीत मी किल्ल्याची गोष्ट सांगितली, जमेल तेवढी. त्यांपैकी कोणी ‘अरेरे’ म्हटले नाही, राजाला कोणी शिवी दिली नाही. पोते देणारी काठी पुरी होईपर्यंत गप्प होती. मग तिने विचारले, “पोरं केवढी होती, अम्मा? चालती होती, की कडेवरची?”

मी पिशवीतून पाने काढून पाहिली. थोरल्या राणीचे वय मी ठरवले होते, तिच्या नथीचा मोतीसुद्धा वर्णिला होता. मुलांविषयी एवढेच होते: ‘मुले निजली असताना’.