आमगांवीं साजरा झालेला एक विजय

नागपुराहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया सोडलें कीं घटकाभरांत आमगांवचें स्टेशन येतें. मुंबई-पुण्याकडील वाचकांनीं हें नांव क्वचितच ऐकलें असेल. महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेकडील हा मुलूख. पुढें सालेकसा व दरेकसा हीं स्टेशनें मागें पडलीं कीं छत्तीसगडची हद्द लागते. मार्गाच्या दोहों बाजूंस धानाच्या बांध्या, मधून मधून तळीं, आणि गांव जवळ येतां येतां भाताच्या गिरण्यांतून येणारा कोंड्याचा वास. २०१७ सालच्या अखेरीस आम्ही आमच्या मामांकडे गेलों, तेव्हां कापणी आटोपली होती व रिकाम्या बांध्यांतून गुरें चरत होतीं.

आमगांवाजवळच पदमपूर आहे. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें स्थान म्हणून विदर्भांतील पद्मपुराचा उल्लेख केला आहे, तें पद्मपूर म्हणजे हेंच पदमपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादन केलें. आमगांवच्या महाविद्यालयासहि ह्याच कवीचें नांव आहे. समकालीनांच्या उपेक्षेनें खचून न जातां, आपला समानधर्मा केव्हां तरी भेटेल ह्या भरंवशावर त्यानें लेखन केलें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या भरंवशाचा अर्थ आम्हांस क्रिकेटच्या निमित्तानें उमगावा, असें मात्र आमच्या स्वप्नींहि नव्हतें.

विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेंत १९५७-५८ च्या मोसमापासून उतरूं लागला, तेव्हां मामा शाळेंत शिकत होते. नुकताच, १९५६ मध्यें, हा प्रदेश मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आला होता. १९६० मध्यें तो महाराष्ट्रांत गणला जाऊं लागला आणि १९९९ मध्यें भंडारा जिल्ह्यांतून निघून नव्या गोंदिया जिल्ह्यांत गेला. पत्रांवरील राज्य व जिल्हा बदलत गेले. संघाचें नांव तेवढें एकच राहिलें. नागपूर येथून सुमारें दीडशें किलोमीटर दूर. तरी मामा व त्यांचे एक वर्गमित्र त्या संघास आपल्या घरचा मानीत. गाडीनें येणाऱ्या वृत्तपत्रासाठीं दोघेहि स्टेशनावर जात. बहुधा पराभवच वाचावयास मिळे. मग मित्राच्या ओसरीवर बसून त्या पराभवाची चिकित्सा होई. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षें करंडक मुंबईनेंच नेला. विदर्भाच्या उमेदवारीचा काळ तो हाच! ओसरीवरील बैठक पुढेंहि अनेक वर्षें चालली. २०१७ च्या पावसाळ्यांत ते मित्र वारले.

आणि त्याच मोसमांत विदर्भानें प्रथमच अंतिम सामना गांठला! कोलकात्यास झालेल्या उपांत्य सामन्यांत पहिल्या डावांत संघ ११६ धांवांनीं मागें पडला होता; तरीहि कर्नाटकाचा दुसरा डाव १९२ धांवांत गुंडाळून त्यानें अवघ्या ५ धांवांनीं जय मिळविला. त्या डावांत ७ गडी बाद करणारा रजनीश गुरबाणी हा स्थापत्यशास्त्राचा पदवीधर. इंदूरच्या अंतिम सामन्यांत त्यानेंच दिल्लीचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर टिपले. रणजीच्या अंतिम सामन्यांत ही करामत त्यापूर्वीं केवळ एकदां, १९७२-७३ मध्यें, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम् यांनीं केली होती. दिल्लीच्या २९५ धांवांस विदर्भानें ५४७ धांवांनीं उत्तर दिलें. त्यांत यष्टिरक्षक अक्षय वाडकराच्या १३३. ता. १ जानेवारी २०१८ रोजीं दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला, आणि सायंकाळीं फैज फजलच्या संघानें ९ गडी राखून करंडक जिंकला.

आम्हांस वाटलें, मामा आतां आनंदानें ओरडतील. त्यांनीं चष्मा पुसला आणि ते अंगणांत जाऊन उभे राहिले. इतक्यांत शेजारचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, “जिंकले खरे; पण गुरु चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि विजयाची धांव काढणारा वसीम जाफरहि मुंबईचाच. ह्यांत आपलें तें काय?”

मामा शांतपणें उत्तरले, “रोवणीला दुसऱ्या गांवचीं माणसें आलीं, म्हणून बांधी त्यांची होते काय? पऱ्हे आपण टाकले होते.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मामा पेढ्यांचा पुडा घेऊन मित्राच्या घरीं निघाले. आम्हीहि सोबत गेलों. दुःखाच्या घरीं गोड घेऊन जावें कीं नाहीं, ह्या विचारानें ते दारापाशीं क्षणभर थबकले. वहिनींनीं पुडा घेतला, देवापुढें ठेवला, आणि ओसरीवर येऊन त्या म्हणाल्या, “भाऊजी, लग्न होऊन ह्या घरांत आल्यापासून मी तुमच्या हरल्याच्याच गोष्टी ऐकल्या. आज जिंकल्याची एक सांगा. आणि कांहीं वगळूं नका.”

मामा बसले. नाणेफेकीपासून त्यांनीं आरंभ केला. ऊन ओसरीवरून अंगणांत उतरलें तरी कथा संपेना. मध्येंच वहिनी जुन्या एखाद्या पराभवाची आठवण देत, आणि मामा त्याच्याशीं नव्या प्रसंगाची सांगड घालीत. आदल्या सायंकाळीं न दिसलेला आनंद आम्हांस त्यांच्या मुद्रेवर तेव्हां दिसला. आम्ही सामना पाहिला होता, आकडे जाणत होतों. पण तो विजय आम्हांस सांगून मामांचें समाधान झालें नसतें. त्यासाठीं पराभव ऐकलेले कानच हवे होते. समानधर्म्याची वाट कवि कां पाहतो, तें आम्हांस त्या ओसरीवर कळलें.

पुढें २०१९ मध्यें विदर्भानें सौराष्ट्राचा ७८ धांवांनीं पराभव करून करंडक राखला, आणि मार्च २०२५ मध्यें केरळाविरुद्ध पहिल्या डावांतील आघाडीच्या बळावर तो तिसऱ्यांदा मिळविला. दोन्ही वेळीं मामा पेढे घेऊन त्या ओसरीवर गेले. मध्यंतरीं, २०२४ मध्यें, अंतिम सामन्यांत मुंबईनें विदर्भास १६९ धांवांनीं हरविलें, तेव्हांहि ते गेले होते. अर्थात् रिकाम्या हातांनीं. वहिनींनीं चहा पुढें केला व हंसून म्हणाल्या, “ही गोष्ट मला पाठ आहे, भाऊजी. तरी सांगा.”