पाव मिलिमीटर

आमच्या घरी यामाहाची आरएक्स 100 आहे. 1994 सालची. आबांनी ती जुनीच विकत घेतली होती. ती वयाने माझ्याहून मोठी, आणि घरातला तिचा मानही मोठाच. संध्याकाळी आबा उद्यमनगरातून निघाले की गल्लीच्या टोकाशीच तिचा आवाज ओळखू येतो आणि आई चहाचे आधण ठेवते. मागच्या गल्लीतून रस्ता जवळचा आहे, पण गेली तीन वर्षे ते वळसा घालून येतात. का, ते मी कधी विचारले नव्हते.

गेल्या श्रावणात आम्ही वर्गातली मुले पन्हाळ्याला निघालो. वाघबिळाच्या चढावर एका मित्राची पल्सर एनएस 200 माझ्या शेजारून अशी निघून गेली, की जणू मी रस्त्याकडेला उभाच होतो. वर पोहोचल्यावर मला कोणीच काही बोलले नाही. तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवसापासून इतिहासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पडले. एकात, आहे तीच गाडी ‘बनवून’ घेणे. जाणकार मित्रांचा सल्ला असा, की आरएक्स 135 चा 58 मिलिमीटर बोअरचा ब्लॉक बसवायचा, पोर्ट कोरून मोठे करायचे, सायलेन्सर मोकळा करायचा. दुसऱ्या रकान्यात, कारखान्यातूनच वेगवान होऊन आलेली गाडी हप्त्यांनी घेणे. आमची 98 सीसीची आणि 11 अश्वशक्तीची, ती 199.5 सीसीची आणि साडेचोवीस अश्वशक्तीची. हप्त्याचा आकडा आबांच्या पगाराशेजारी लिहिला आणि खोडून टाकला. उरला पहिला रकाना. शिवाय घरातच टर्नर असताना बाहेर पैसे घालवायचे कशाला?

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सुट्टीदिवशी वर्कशॉपवर ये.”

वर्कशॉप बंद होते. लेथच्या शेजारी गाडी उभी करून आबांनी खडू घेतला.

“बोअर किती हिचं?”

“पन्नास मिलिमीटर.”

“आन् स्ट्रोक?”

“तोही पन्नास.”

आबा सातवी शिकलेले, मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. पण माझा मोबाईल खिशातून निघेपर्यंत त्यांनी फरशीवर उत्तर लिहिलेही होते: पन्नासला 98, अठ्ठावन्नला 132.

“आठ मिलिमीटरनं चौतीस सीसी वाढली. बरं. ब्रेक कितीनं वाढला?”

मी गप्प.

“साठनं जाणारी गाडी नव्वदनं न्हेलीस. वेग दीडपट. ब्रेक त्योच. थांबायला अंतर किती लागंल? दीड न्हाई. दीड गुणिले दीड. सव्वादोनपट.”

पुढची आणि मागची दोन्ही चाके ड्रम ब्रेकची. डिस्क बसवावी म्हटले तर हब बदलायला हवा. हब बदलला की फोर्क. फोर्क बदलला की चासीला तो पेलेल का हा प्रश्न. “सगळं बदललंस की तुकड्यातुकड्यांनी नवी गाडी घेतलीस. आन् पैसं जास्त गेलं.” कागदावर मात्र ती जुनीच राहणार. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले.

मीही वाद सोडला नाही. म्हटले, कारखानेवाले तरी कुठे एवढा हिशेब करतात? 1964 साली अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट मोटारीत 389 घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचे, 325 अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ नाव दिले. त्या गाडीने ‘मसल कार’चे वेडच तिकडे पसरवले. पण तिच्या चारही चाकांना ब्रेक ड्रमचेच होते. पुढच्या चाकांना डिस्क हवी असेल तर घेण्याची सोय 1967 च्या मॉडेलला मिळाली. कंपनीला चालले, मग आपल्याला का नको?

आबा हसले. “मग म्या दुसरं काय सांगतोय? चूक मोठ्यानं केली म्हणून ती बरोबर ठरत न्हाई.”

मग बराच वेळ ते चिंधीने हात पुसत बसले.

“मागच्या गल्लीतला पोरगा आठवतोय?”

आठवत होता. सैन्यभरतीसाठी पहाटे रंकाळ्याभोवती धावणारा. घाट उतरताना त्याची गाडी वळणावर थांबली नाही. पायात सळ्या घातल्या. भरती कायमची राहिली.

“त्याचं पोर्ट म्याच कोरलं हुतं. बोअर म्याच केलं हुतं. मापात केसभर चूक नव्हती. इंजिन शेवटपर्यंत बरोबर चाललं.”

मी फरशीवरच्या आकड्यांकडे बघत राहिलो. त्यानंतर त्यांनी तसले काम हातात घेतलेले नाही, हे मला त्या दिवशी कळले.

आबांनी आमचा सिलिंडर मात्र त्याच दिवशी उतरवला. इतक्या वर्षांत तो झिजला होता, म्हणून चढावर दम खात होती. कंपनीनेच त्यासाठी मोकळीक ठेवलेली असते. पाव पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात, एक मिलिमीटरपर्यंत. 50 चे बोअर 50.25 झाले, 98 चे 99 सीसी. ब्रेकचे लायनर, चेन आणि टायर नवे घातले. गाडी वेगवान झाली नाही. जशी होती तशी परत झाली.

ती पल्सर मला अजूनही हवी आहे, हे लपवत नाही. 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. तिच्या पळण्याचा आणि थांबण्याचा हिशेब एकाच फरशीवर मांडलेला आहे. कमवायला लागलो की अख्खी घेईन, तुकड्यांनी नाही.

नव्या पिस्टनची गाडी पहिले काही दिवस हळूच चालवावी लागते. आबा रोज संध्याकाळी तशीच आणतात, वळसा घालून.