बाळाच्या डोक्यात एवढी घाई कसली?

प्रिय सुमे,



फोनवर तू विचारलंस, अंगावर पिणाऱ्या बाळाला मेंदूचा कॅन्सर होतोच कसा? आमच्या खालच्या मजल्यावर असंच एक कुटुंब भाड्याने राहतं. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात त्यांच्या बाळाचे उपचार चालू आहेत. आजी सुनेला येता-जाता ऐकवते, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून! मला राहवेना, मग वाचत बसले.

आजार मेड्युलोब्लास्टोमा, लहान मेंदूतली गाठ. जन्मानंतर काही महिने लहान मेंदूवर कच्च्या पेशींचा एक थर असतो. सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन त्यांना वाढायला लावतं. पेशी भराभर दुप्पट होतात, मग आत सरकतात, चेतापेशी बनून कामाला लागतात आणि वाढ थांबते. वर्ष-दीड वर्षात तो थर संपतोही. एखाद्या पेशीत जनुक बिघडून हे थांबणंच राहून गेलं, की ती वाढतच सुटते. बाळांमधल्या एका मोठ्या गटाच्या गाठी अशा होतात. म्हणजे मेंदू घडवणारी यंत्रणाच इथे बेभान होते. त्यात भाजीचा काय संबंध?

त्यातून टाळू भरलेली नसल्यामुळे आतला दाब वाढला तरी डोकं मोठं होत जातं आणि दुखणं लपून राहतं. वाढत्या डोक्याचं माप फितीने घेणं म्हणून महत्त्वाचं. आपण नुसतं तेल थापतो.

खरी अडचण उपचारांची. शस्त्रक्रियेनंतर मोठ्या मुलांच्या अख्ख्या मेंदूला आणि मणक्याला किरण देतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तेच दिले तर गाठ जाईलही, पण बुद्धीची वाढ खुंटेल. म्हणून शक्यतो केमोवर भागवतात. खारघरला 2023 पासून प्रोटॉन किरणांचीही सोय आहे. हे किरण गाठीच्या पलीकडे फारसे जात नाहीत.

किती कमी उपचारात भागेल, हे ठरवायला गाठीचा गट कळावा लागतो. गट चार, आणि सूक्ष्मदर्शकातून ते नेहमी ओळखू येत नाहीत. ॲक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने त्यासाठी चाचणी बसवली. रुग्णालयात गाठीचे तुकडे मेणाच्या वड्यांत वर्षानुवर्षं पडून असतात. त्यातला लांबलचक आरएनए तुटून जातो, पण चिमुकले मायक्रोआरएनए टिकतात. त्यांच्या आणि काही निवडक जनुकांच्या आधारे गट ओळखायचा. महागड्या यंत्रांपेक्षा मला ही युक्ती जास्त आवडली.

पण कमी म्हणजे किती कमी? सगळ्यात बऱ्या होणाऱ्या डब्ल्यूएनटी गटाच्या मोठ्या मुलांना टाटाच्या डॉक्टरांनी फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काहींचा आजार दुसरीकडे उलटला, तेव्हा त्यांनी प्रयोग मुदतीआधी बंद केला आणि तसं छापूनही टाकलं. पुढच्या प्रयोगात त्यांनी अख्ख्या मेंदू-मणक्याला किरण दिले, पण मात्रा कमी करून. फसलेलं छापायला धाडस लागतं, नाही का?

तुमच्याकडे एवढ्या लहान बाळांना किरण न देता कसं सांभाळतात, तुझ्या डॉक्टर सुनेला विचारून कळव. आणि उद्या मी खाली जाऊन त्या आजीशी जरा बोलणार आहे. चहाच्या निमित्ताने, भांडायला नाही.

तुझी,
विजू