टायर वाचायला शिकलो तेव्हा

आमच्या घरात टायर हा शब्द लहानपणापासून जेवणाच्या ताटावर असायचा. बाबा हालोलकडच्या एका टायर कारखान्यात 31 वर्षं क्युरिंग विभागात होते. तीन पाळ्यांची नोकरी. रात्रपाळी करून सकाळी आले की त्यांच्या शर्टाला गंधकाचा आणि तापलेल्या रबराचा वास यायचा. आई तो शर्ट वेगळा भिजवायची. कारखान्यात कच्च्या टायरला ‘ग्रीन टायर’ म्हणतात. तो असतो काळाच, पण साच्यात जाऊन वाफेच्या उष्णतेनं आणि दाबानं शिजेपर्यंत त्याला नक्षी नसते आणि ताकदही नसते. हे बाबा मला आठवी-नववीत असताना सांगायचे आणि मी मान हलवून मोबाइल बघायचो.

पुढे मी नोकरीला लागलो. दोन वर्षांपूर्वी घरात एसयूव्ही आली आणि एका मित्रामुळे मला ऑटोक्रॉसचं वेड लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोकळ्या आवारात शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. प्रत्येक गाडी वेळ लावून तो पार करते. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. आपल्या देशात हे बरेचदा मातीवर होतं, आम्ही जातो तिथे मात्र डांबर आहे. वेग फार नसतो, पण वळणं एकामागून एक येतात आणि सगळा भार चार टायरांवर पडतो. टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा साधारण तळहाताएवढी. दीड टनाची गाडी अशा चार तळहातांवर उभी असते.

साहजिकच माझा पहिला विचार ‘मोठी चाकं घेऊ’ हाच होता. शहरातल्या एका दुकानात 18 इंची काळे अलॉय बघितले, सोबत 235/45 आर18 टायर. दुकानदार म्हणाला, “चालशे, साहेब! एकदम फिट.” मी आगाऊ रक्कम देऊन आलो. घरी कुणाला विचारलं नाही.

पावती बाबांनी टेबलावर बघितली. काही बोलले नाहीत. चष्मा आणि टॉर्च घेऊन खाली गेले आणि गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मीही मागोमाग गेलो.

“वाच,” ते म्हणाले.

“215/60 आर17 96एच.”

“म्हणजे काय?”

215 मिलिमीटर रुंदी, हे मला येत होतं. 60 म्हणजे त्या रुंदीच्या 60 टक्के उंचीची बाजूची भिंत, 17 म्हणजे इंचात रिम, हेही. 96एचपाशी मी अडकलो.

“एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. तो तुला लागणार नाही. 96 लागेल. 96 म्हणजे एका टायरनं 710 किलो उचलायचं. आता तुझ्या पावतीवरचा आकडा बघ.”

पावतीवर 94 होतं. 94 म्हणजे 670 किलो. एका टायरमागे 40 किलो कमी, चार मिळून 160. “गणपतीला आपण पाच जण सामानासकट चिपळूणला जातो,” बाबा म्हणाले. “भिंत 129 मिलिमीटरची आहे, ती होणार 106. खड्डा आला की मधली हवा कमी, रिमला मार जास्त. तुझी शर्यत एका मिनिटाची, बाकीचं वर्ष ही घरची गाडी आहे.”

मी चिडलो. “बाबा, तुम्हाला ट्रकचे टायर कळतात, हा स्पोर्ट आहे,” असं काहीतरी बोललो. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. ते टॉर्च बंद करून वर निघून गेले.

आगाऊ रक्कम दुकानात तशीच पडून राहिली. पुढच्या रविवारी सराव होता. मित्रानं त्याच्याकडचा 17 इंची सेट दिला, आमच्याच मापाचा, पण खूप मऊ रबराचा आणि रुंद. भार-अंक मी तपासला, तो ठीक होता. पहिल्या दोन फेऱ्या स्वप्नासारख्या गेल्या. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी वळत होती. तिसऱ्या फेरीत मी नागमोडी शंकूंमध्ये जोरात डावीकडे, लगेच उजवीकडे वळलो आणि सीट खालून उचलली गेल्यासारखी वाटली. क्षणभर आवाजच थांबला. मग धप्पकन गाडी खाली आली. बाहेर उभ्या असलेल्यांनी सांगितलं, आतल्या बाजूची दोन्ही चाकं हवेत होती. आयोजकांनी लाल झेंडा दाखवला आणि त्या टायरांवर त्या दिवशी मला पुन्हा सोडलं नाही. बरोबरच केलं.

घरी आलो तो गप्पच. टायर तेच होते. बाबा भाजी आणायला खाली उतरले आणि चाकाजवळ थांबले. अंगठा टायरच्या खांद्यावरून फिरवत भिंतीपर्यंत नेला. “इथपर्यंत घासलाय,” ते म्हणाले. “उचलली होती ना?”

मी हो म्हणालो. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “आईला सांगितलंस?” मी नाही म्हणालो. “नको सांगूस. वर चल.”

स्वयंपाकघरात त्यांनी मिठाचा उंच डबा ओट्यावर ठेवला आणि मधोमध बोटानं ढकलला. डबा गुळगुळीत कडाप्प्यावरून सरकला. मग त्यांनी जुन्या ट्यूबचा एक तुकडा आणून ओट्यावर पसरला, त्यावर डबा ठेवला आणि त्याच ठिकाणी ढकललं. डबा सरकला नाही, आडवा झाला. ओटाभर मीठ. आईनं बाहेरून विचारलं, “काय सांडलं रे?” बाबा म्हणाले, “काही नाही, मीठ.”

त्या दोन मिनिटांत मला जे कळलं ते नंतर मी आकड्यांत वाचलं. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, याला स्थिर स्थैर्यांक म्हणतात. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था गाडी कलंडण्याचा धोका सांगताना तो वापरते. बहुतेक मोटारींचा तो 1.30 ते 1.50 असतो, उंच एसयूव्हींचा 1.00 ते 1.30. समजा चाकांत 1.55 मीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य 65 सेंटिमीटरवर, तर उत्तर येतं सुमारे 1.19. टायरची आडवी पकड या आकड्याच्या जवळ गेली की गाडी घसरायच्या ऐवजी कलंडायला बघते. प्रत्यक्षात सस्पेन्शन झुकतं, टायर दबतो, म्हणून मर्यादा आणखी अलीकडे येते. बुटक्या मोटारीला जास्त पकड म्हणजे सरळ फायदा. एसयूव्हीला मात्र असा टायर हवा जो गाडी उचलण्याआधी स्वतः सुटेल. टायर किंचाळत घसरला तर एक शंकू पडतो, एवढंच.

त्या रात्री आम्ही दोघांनी कागद घेऊन बसून चाकं ठरवली. रिम कंपनीचेच 17 इंची ठेवायचे. मोठा रिम बहुधा जडही असतो, आणि चाकाचं वजन वाढलं की गाडी पळवायला, थांबवायला आणि खड्ड्यातून सावरायला तिन्ही ठिकाणी जड जातं. टायर 225/55 आर17, भार-अंक 97, म्हणजे 730 किलो. साडेसहा इंच रुंदीच्या आमच्या रिमवर तो नीट बसतो. मूळ चाकाचा व्यास 689.8 मिलिमीटर, नव्याचा 679.3. फरक दीड टक्का, म्हणजे वेगमापक किंचित जास्त दाखवेल आणि गाडी पाच मिलिमीटर खाली येईल. भिंत थोडी आखूड झाल्यानं वळणात कमी दुमडेल. रबर मधल्या जातीचं, पावसातही चालणारं. दुकानदारानं आगाऊ रकमेत हेच टायर दिले. ते 18 इंची अलॉय आजही त्याच्या काचेत आहेत.

पुढच्या सरावाला बाबा सोबत आले. खिशात आईच्या शिकवणीच्या फळ्याचा खडू. प्रत्येक टायरच्या खांद्यावरून भिंतीपर्यंत त्यांनी तीन-तीन पांढऱ्या रेघा मारल्या. एक फेरी झाली की खडू कुठवर पुसला ते बघायचं. भिंतीवरचा पुसला तर हवा कमी आहे, टायर दुमडतोय. खांद्यापर्यंतही पुसला नाही तर हवा जास्त आहे. पुढच्या टायरांत थोडी थोडी हवा वाढवत तिसऱ्या फेरीनंतर खडू बरोबर खांद्याच्या कडेवर राहिला. घरी निघताना हवा पुन्हा दरवाजाच्या पट्टीवर लिहिल्याइतकी केली.

मी मधल्या क्रमांकावर आलो. छोट्या हॅचबॅक माझ्यापेक्षा चार सेकंदांनी पुढे होत्या. पण प्रत्येक जोराच्या वळणावर टायर आधी ओरडायचे, मग सरकायचे, आणि चारही चाकं जमिनीवर राहायची. गाडी आता मला आधी सांगत होती.

तुमच्याही घराखाली गाडी उभी असेल. आज टॉर्च घेऊन जा. टायरवर ‘डीओटी’च्या शेवटी चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. खाचांमधले छोटे उंचवटे 1.6 मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. स्टेपनीही बघा. आमची स्टेपनी सहा वर्षांची निघाली, बाबांच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षाची.

त्या दिवशी माझ्या शेवटच्या फेरीआधी मी हेल्मेट घालून रांगेत उभा होतो. वळून बघितलं तर बाबा कुणाच्यातरी गाडीपाशी उकिडवे बसले होते आणि तीन-चार मुलं भोवती वाकून ऐकत होती. माझा नंबर पुकारला गेला. त्यांनी वर बघितलं नाही. हातातल्या खडूनं फक्त ‘जा’ अशी खूण केली.