पाण्याचे आभार

आजीनं मला क्योटोबद्दल एकच प्रश्न विचारला. "बाला, तिकडं पाणी हाय ना रं?"

मी तेव्हा ओसाकात होतो. ऑफिसनं सहा आठवड्यांसाठी क्लायंटच्या जागेवर पाठवलं होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मधला एक शनिवार-रविवार मी क्योटोसाठी राखून ठेवला होता. आईनं थंडी किती विचारलं, मित्रांनी खर्च किती विचारलं. आजीनं पाणी विचारलं.

वडिलांकडून मी मुरबाडचा, आईकडून शहापूरचा. आजी म्हणजे आईची आई. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. त्याच वर्षी मे महिन्यात टँकर विहिरीत पाणी ओतून गेला आणि कडेला जी झुंबड उडाली, तीत ती घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. हंडा मात्र सोडला नाही, हे ती अजून अभिमानानं सांगते. मला ते दोन दिवसांनी कळलं. मी भांडुपच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो, आणि बहुतेक त्या वेळी आंघोळच करत असेन.

तर क्योटो. शनिवारी सकाळी पहिल्यांदा गेलो फुशिमी इनारीला. इन्स्टावर तुम्ही ते पाहिलंच असणार: डोंगरावर चढत जाणारी वाट आणि तिच्यावर एकाला एक लागून उभ्या केलेल्या हजारो केशरी कमानी. फोटोत दिसत नाही ती गोष्ट म्हणजे कमानींची मागची बाजू. वर जाताना खांब कोरे दिसतात, उतरताना प्रत्येकावर दात्याचं नाव आणि तारीख. मला हसूच आलं. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं, ते आठवलं. माणूस सगळीकडे सारखाच.

इनारी हा भाताचा देव. परंपरेनुसार हे स्थान इसवी सन ७११ चं. कोल्हे त्याचे सेवक, म्हणून जागोजागी दगडी कोल्हे बसलेले, काहींच्या तोंडात भाताची लोंबी. भातशेतीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे वाघोबा आहे, शेंदूर फासलेला, रानाच्या कडेला. रानातल्या जनावराशी नीट बोलून घेतल्याशिवाय शेत पिकत नाही, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आपापलं कळलेलं आहे.

देवळात शिरण्याआधी हात आणि तोंड धुवायचं असतं. दगडी कुंडाशी लांब दांड्याचे बांबूचे डाव ठेवलेले असतात. एक डाव भरून घ्यायचा. त्यातच डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ, आणि उरलेल्या पाण्यानं डाव उभा करून त्याचा दांडाही धुवायचा. एका डावात सगळं. माझं पाणी दोन हातांतच संपलं. शेजारची म्हातारी अगदी आरामात चारही गोष्टी उरकून गेली. आजी एका तांब्यात हात, पाय, तोंड धुते आणि उरलेलं पाणी तुळशीला घालते. तिला ते पहिल्या फटक्यात जमलं असतं.

दुपारी निशिकी बाजार. क्योटोचं स्वयंपाकघर म्हणतात त्याला. अरुंद गल्ली, वर छप्पर, दोन्ही बाजूंना शंभरावर दुकानं. शिरल्या शिरल्या वास आला आणि मी थेट मुरबाडच्या बाजारात उभा राहिलो. सुकट! सुकवलेल्या माशांचे ढीग, छोटे, मोठे, किसलेले. जपानी जेवणाचा पाया असलेला दाशी हा रस्सा त्यातूनच बनतो. माझ्या टीममधले शाकाहारी मित्र तिथे सूपच्या वाटीला घाबरत होते, मी मात्र घरी आल्यासारखा जेवत होतो. पुढे तांदळाच्या कोंड्यात मुरवलेली लोणची होती. कोंडा आम्ही म्हशीला घालतो, हे मी दुकानदाराला सांगितलं नाही. हा बाजार इथेच का वाढला, याचं कारणही पाणी. या भागात जमिनीखाली थंडगार पाणी आहे. बर्फ नव्हता त्या काळात विहिरीच्या गारव्यानं मासळी ताजी राहायची.

संध्याकाळी गिऑनमध्ये फिरलो. गिऑन हे नाव बुद्धाच्या जेतवनावरून आलंय. तिथल्या यासाका देवस्थानात १८६८ पर्यंत गोझू तेन्नो नावाचा देव पुजला जायचा, बैलाच्या डोक्याचा, रोगराई रोखणारा. ८६९ साली साथ आली तेव्हा सुरू झालेला त्याचा उत्सव अजून दर जुलैत भरतो. पौष पौर्णिमेला आमच्या मुरबाडची म्हशाची जत्रा भरते, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. या दोन्हींचं काही नातं आहे असं माझं म्हणणं नाही. पण लहानपणी ज्या जत्रेला मी शाळेतल्या मित्रांसमोर 'गावठी' म्हणायचो, तिच्याच चुलत बहिणीसारखी दिसणारी गोष्ट बघायला मी विमानाचं तिकीट काढून आलो होतो, एवढं खरं.

रविवारी कियोमिझु-देरा. नावाचा अर्थच 'शुद्ध पाण्याचं देऊळ'. १६३३ साली बांधलेलं मुख्य सभागृह डोंगरउतारावर उंच लाकडी खांबांवर उभं आहे. त्याच्या खाली ओतोवा धबधबा. धबधबा कसला, दगडी पन्हाळीतून पडणाऱ्या तीन बारीक धारा. लोक रांगेत उभे राहून लांब दांड्याच्या डावानं पाणी पितात. एक धार आयुष्यासाठी, एक विद्येसाठी, एक प्रेमासाठी, असं म्हणतात. मात्र तिन्ही प्यायचं नाही. ती हाव समजतात. मी एकाच धारेचं प्यायलो आणि आजीसाठी छोटी बाटली भरून घेतली.

ट्रिप खरं तर इथे संपायची. पण ओसाकाच्या टीममधली एक सीनियर बिवा सरोवराकाठच्या ओत्सूची होती. तिनं बजावलं होतं, "क्योटोला जातोयस तर नानझेन-जीला जा आणि देवळाकडे पाठ करून उभा राहा." गेलो. देवळाच्या आवारात लाल विटांच्या कमानींचा एक पूल आहे, सुइरोकाकू, १८८८ चा. लोक कमानींखाली फोटो काढत होते. मी बाजूच्या चढावरून वर गेलो. पुलावर रस्ता नव्हता. पाणी होतं. शांतपणे वाहणारं, भरपूर पाणी.

ते बिवा सरोवराचं. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योटो उतरणीला लागलं. शहर वाचवायला शेजारच्या शिगा प्रांतातल्या सरोवराचं पाणी डोंगर पोखरून आणायचं ठरलं. काम दिलं तानाबे साकुरो नावाच्या पोराला. त्यानं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध याच कालव्यावर लिहिला होता आणि नोकरीला लागला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गिटहबवरून उचललेला होता, हे इथे कबूल करतो. १८९० मध्ये कालवा पूर्ण झाला, पुढच्या वर्षी त्यावर वीज तयार होऊ लागली, आणि १८९५ मध्ये त्याच विजेवर क्योटोत ट्राम धावली.

मी मोबाइलवर तानसा शोधलं. १८९२. क्योटोला दुसऱ्याच्या सरोवराचं पाणी मिळालं, त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईला आमच्या तालुक्याचं मिळालं. पुढे भातसा आलं, मध्य वैतरणा आलं. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास अर्धा वाटा एकट्या भातसाचा आहे.

सोमवारी मी त्या सीनियरला विचारलं, "तुमच्या गावाला काय मिळालं?"

ती हसली. शिगाच्या लोकांचा एक जुना विनोद आहे म्हणाली. क्योटोवाले फार शिष्टपणा करायला लागले की म्हणायचं, "बिवाचं पाणी बंद करू का?" मग तिनं सांगितलं, की क्योटो शहर दर वर्षी शिगा प्रांताला वीस कोटी येनहून जास्त रक्कम देतं. आपले दहा कोटी रुपयांच्या वर. तिला पाणीपट्टी म्हणत नाहीत. 'कान्शाकिन' म्हणतात. आभाराचे पैसे.

मी तो शब्द वहीत लिहून घेतला.

भातसाच्या पाण्याचे पैसे मुंबईही राज्य सरकारला देते. कागदावर हिशेब पूर्ण आहे. पण नळ उघडताना हे पाणी कुठलं, असा प्रश्न भांडुपमध्ये कुणाला पडलेला मी पाहिला नाही. मलासुद्धा पडला नव्हता, आणि माझी तर आजी तिथली. शहापुरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, क्योटोत सुमारे दीड हजार. तरी पाणी हाय ना, हे विचारायची पाळी आजीची.

डिसेंबरात पाड्यावर गेलो. बाटली दिली, कालव्याची गोष्ट सांगितली. आजीनं सगळं ऐकलं. आभाराच्या पैशांचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिनं विचारलं, "जिथलं पाणी नेलं, त्या गावात टँकर येतो का?"

"नाही आजी."

"मग पैशे दिलं काय, नाय दिलं काय."

बाटलीतलं पाणी तिनं प्यायलं नाही. देवाचं पाणी एकटीनं कसं प्यायचं, म्हणाली. विहिरीपाशी गेली आणि बरं झालेल्या त्याच हातानं आत ओतलं.

परत आल्यावर मी भांडुपच्या बाथरूममध्ये शॉवरखाली बादली ठेवून मोजलं. मिनिटाला नऊ लिटर. मी दहा मिनिटं आंघोळ करतो, म्हणजे नव्वद लिटर. आजीचा हंडा पंधरा लिटरचा. माझी एक आंघोळ म्हणजे तिच्या सहा खेपा.

बोनस आला तेव्हा मामाला सांगून घराच्या पत्र्याला पन्हाळ लावली आणि खाली पाच हजार लिटरची टाकी बसवली. पावसाळ्यात ती कितीदा भरून वाहिली, त्याची गणती नाही. पाऊस थांबल्यावर आजीनं ती पुरवून पुरवून वापरली, तरी पौषात तळ दिसला. मेपर्यंत पुरायला तशा किती टाक्या लागतील, याचा हिशेब मी केला आहे. तो माझ्या बोनसमध्ये बसत नाही.

परवा आजीचा फोन आला होता. टँकर सुरू झाला म्हणाली. यंदा विहिरीवर मामी जाते, तिला कुणी जाऊ देत नाही. मग नेहमीसारखं विचारलं, "तुझ्याकडं पाणी हाय ना?"

"आहे आजी," मी म्हणालो. "तुमचंच आहे."